प्रथिन नेमकं कुठे हरवतं? ई. कोलायमधून शुद्ध प्रथिन काढताना टप्पे, क्रम आणि चुका

फेब्रुवारी-मार्चमध्ये एमएस्सीच्या प्रकल्पांची घाई सुरू झाली की मुलं एकच तक्रार घेऊन येतात : "बँडच आला नाही." हातात एका जेलचा फोटो असतो. जेलवर प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात आणि प्रत्येकाची पट्टी, म्हणजे बँड, दिसते. त्यात मार्कर (माहीत असलेल्या वजनांच्या प्रथिनांचं मिश्रण) आणि कॉलममधून शेवटी काढलेल्या द्रावणाची एकच लेन असते, आणि ती कोरी असते. त्याआधीचं सगळं सिंकमध्ये गेलेलं. मग प्रथिन तयारच झालं नाही, की तयार होऊन पेलेटमध्ये (फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या गाळात) बसलं, की कॉलमला न चिकटता वाहून गेलं, हे सांगायचं कशावरून?

आमच्याकडे करवीर-कागलच्या गुऱ्हाळात गुळव्या काहील उतरवण्याआधी पाकाचा थेंब पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी बोटांनी दाबून बघतो. काहील उतरल्यावर बघून काही उपयोग नसतो. प्रथिनाचं काम तसंच करायचं आहे. या लेखातली पद्धत नेहमीचीच आहे : पीईटी प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा), ई. कोलाय या जिवाणूच्या बीएल२१ डीई३ पेशी, हिस-टॅग (प्रथिनाला जोडलेली हिस्टिडिनची साखळी) आणि तो टॅग धरून ठेवणारा निकेलचा कॉलम. भर आहे तो प्रत्येक टप्प्यावर थेंब बाजूला काढण्यावर.

सुरुवातीलाच नऊ छोट्या नळ्यांवर १ ते ९ आकडे घाला :

१ – इंडक्शनआधीच्या (पेशींना प्रथिन बनवायला लावण्याआधीच्या) पेशी
२ – इंडक्शननंतरच्या पेशी
३ – पेशी फोडल्यावरचं संपूर्ण द्रावण
४ – सुपरनेटंट (गाळावरचं द्रावण)
५ – पेलेट
६ – कॉलममधून न चिकटता बाहेर आलेलं
७ – वॉश (कॉलम धुतलेलं बफर)
८ आणि ९ – पहिलं आणि दुसरं इल्यूशन (कॉलमवरून सोडवून काढलेलं)

दहा खाचांच्या कंगव्यात या नऊ आणि एक मार्कर बरोबर बसतात.

टप्पा १ : कागदावरची तपासणी

हा अर्ध्या तासाचा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. प्लाझ्मिडचा नकाशा उघडा आणि तुमचं जनुक कोणत्या जागी घातलंय ते बघा. पीईटी-२८ए मध्ये एनडीई-१ (डीएनए ठरावीक जागी कापणारा एन्झाइम) च्या जागी जनुक घातलं तर प्रथिनाच्या पुढच्या टोकाला सहा हिस्टिडिनचा टॅग लागतो. त्याच प्लाझ्मिडमध्ये एनसीओ-१ हा दुसरा कापणारा एन्झाइम वापरला तर तो पुढचा टॅग कापला जातो. मागच्या टोकाला टॅग मिळू शकतो, पण जनुकाचा स्वतःचा स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपलं असं सांगणारा) काढलेला असेल तरच. एनसीओ-१ वापरलं आणि स्टॉप कोडॉनही तसाच ठेवला, तर प्रथिन भरपूर तयार होईल आणि कॉलमला एक कणही चिकटणार नाही.

प्रथिनाचं वजन आधीच काढून वहीत लिहा. अमिनो आम्लांची संख्या गुणिले ११० डाल्टन, हा अंदाज पुरतो. एनडीई-१ च्या जागी घातलं असेल तर पुढच्या टॅगची २० अमिनो आम्लं, म्हणजे साधारण २ किलोडाल्टन, त्यात मिळवा. जेल बघून झाल्यावर "हाच असेल" म्हणत बँड निवडणं ही स्वतःची फसवणूक आहे.

आता पेशी. क्लोनिंगला आणि प्लाझ्मिड वाढवायला डीएच५ अल्फा चालतात. प्रथिनासाठी त्या चालत नाहीत, कारण पीईटीच्या प्रमोटरला (जनुक सुरू करणाऱ्या भागाला) टी७ आरएनए पॉलिमरेज लागतं आणि ते त्यांच्यात नसतं. बीएल२१ डीई३ मध्ये ते जनुक घातलेलं असतं आणि आयपीटीजी हे इंडक्शनचं रसायन दिल्यावर सुरू होतं. शिवाय या पेशींत लॉन आणि ओएमपीटी हे दोन प्रथिनं कापणारे एन्झाइम नसतात. एका विद्यार्थिनीचे तीन आठवडे नुसते यात गेले. फ्रीजरमधल्या नळीवर प्लाझ्मिडचं नाव होतं, पेशींचं नव्हतं, आणि आत डीएच५ अल्फा होत्या. तिने आयपीटीजी बदललं, वेळ बदलली, तापमान बदललं. यातलं काहीच उपयोगी पडणार नव्हतं.

तपासा : नळीवर प्लाझ्मिड, पेशी, प्रतिजैविक आणि तारीख या चारही गोष्टी आहेत का? एक जरी नसेल तर प्लाझ्मिड काढून बीएल२१ डीई३ मध्ये नव्याने ट्रान्सफॉर्म करा. एक दिवस जातो, पण महिना वाचतो.

जोडीला जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा) क्लोन मिळाला तर तोही सोबत चालवा. तुमचं प्रथिन आलं नाही आणि जीएफपीचं पेलेट हिरवं दिसलं, तर आयपीटीजी, माध्यम आणि शेकर ठीक आहेत एवढं तरी नक्की होतं.

टप्पा २ : द्रावणं, आणि आपल्याकडची हवा

एलबी या जिवाणू वाढवायच्या माध्यमासाठी लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १० ग्रॅम मीठ. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर २० मिनिटं. पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरचं किंवा घरगुती फिल्टरचं नको.

प्रतिजैविक माध्यम गार झाल्यावरच घाला. फ्लास्क हातात धरवतो इतपत, म्हणजे ५० अंशांच्या खाली. कॅनामायसिन मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, अँपिसिलिन १००. गरम माध्यमात घातलेलं अँपिसिलिन लवकर निकामी होतं. मग प्लेटवर जे उगवतं त्यात प्लाझ्मिड असेलच असं नाही.

आयपीटीजीचं १ मोलर द्रावण : २.३८ ग्रॅम १० मिलीत. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, छोट्या नळ्यांत वाटा आणि उणे २० अंशांत ठेवा. जुलै-ऑगस्टच्या पावसात बाटली उघडी ठेवून वजन करत बसू नका. आयपीटीजी, अमोनियम परसल्फेट, कॉस्टिक सोडा ही सगळी हवेतलं पाणी ओढतात. बाटली फ्रीजमधून काढली की बंद झाकणानेच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

बफर (पीएच स्थिर ठेवणारी द्रावणं) तीन लागतात. तिन्हींत ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, ३०० मिलिमोलर मीठ आणि पीएच ८.०. फरक फक्त इमिडाझोलचा, म्हणजे टॅगला निकेलवरून सोडवणाऱ्या रसायनाचा : पेशी फोडायला १०, वॉशला २०, इल्यूशनला २५० मिलिमोलर. इमिडाझोल आधी घाला, पीएच नंतर लावा. उलटं केलं तर इल्यूशन बफरचा पीएच चांगलाच वर गेलेला असतो.

ट्रिसऐवजी फॉस्फेट सुचवतोय त्याला कारण आहे. ट्रिसचा पीएच तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.०२८ ने बदलतो. एप्रिलच्या दुपारी आपल्या टेबलावर ३४ अंश असतात. तिथे ८.० ला लावलेलं ट्रिस ४ अंशांच्या थंडीत गेलं की ८.८ च्या आसपास पोहोचतं. फॉस्फेट एवढं हलत नाही. ट्रिसच वापरायचं असेल तर बफर बर्फात गार करून, मीटर त्याच तापमानाला लावून पीएच ठरवा.

सावधान : या तीन बफरांत ईडीटीए घालू नका, ते कॉलमवरचं निकेलच काढून घेतं. डीटीटीही नको, त्याने कॉलममधले निळे बीड्स (निकेल लावलेले बारीक मणी) तपकिरी पडतात. दुसऱ्या कामासाठी बनवलेला "लायसिस बफर" फ्रीजमध्ये दिसला म्हणून उचलू नका. त्यात बहुधा ईडीटीए असतंच.

टप्पा ३ : स्टार्टर (सुरुवातीची छोटी वाढ)

ताज्या प्लेटवरची एकच कॉलनी ५ मिली एलबीत, प्रतिजैविकासह, रात्रभर ३७ अंशांवर. यात १ टक्का ग्लुकोज घातलं तर इंडक्शनआधीच प्रथिन थोडंथोडं तयार होत राहण्याचं प्रमाण कमी होतं. पेशींना मानवत नसलेल्या प्रथिनासाठी तर हे घालाच.

महिनाभर फ्रीजमध्ये पडलेली प्लेट वापरू नका. अँपिसिलिनवाल्या क्लोनचा स्टार्टर १२ ते १४ तासांपुढे नेऊ नका. पेशी अँपिसिलिन तोडणारा एन्झाइम बाहेर सोडतात, माध्यमातलं प्रतिजैविक संपतं आणि प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशी पुढे निघून जातात. स्टार्टर फिरवून, जुनं माध्यम ओतून देऊन, पेशी ताज्या एलबीत मिसळून वापरणं केव्हाही बरं.

टप्पा ४ : वाढ आणि इंडक्शन

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली माध्यम, त्याहून जास्त नको. फ्लास्क काठोकाठ भरला की पेशींना हवा मिळत नाही. अर्धा मिली स्टार्टर घाला, ३७ अंश, मिनिटाला १८० ते २०० फेरे. दोन-अडीच तासांत ६०० नॅनोमीटरला ओडी (पेशींमुळे आलेल्या गढूळपणाचं माप) ०.६ च्या आसपास येते. ब्लँक (मापाचं शून्य) एलबीचा ठेवा, पाण्याचा नाही.

ओडी ०.६ ते ०.८ झाली की आधी १ मिली काढा. नळी क्रमांक १. पेशी खाली बसवा, माध्यम पूर्ण ओढून काढा, पेलेट उणे २० अंशांत. मगच आयपीटीजी : ५० मिलीला १ मोलरचे २५ मायक्रोलिटर, म्हणजे ०.५ मिलिमोलर. नमुना काढायचा राहिला आणि आयपीटीजी पडलं, तर तो नमुना नंतर कुठूनही आणता येत नाही.

पहिल्यांदा करताना ३७ अंशांवर तीन-चार तास ठेवून प्रथिन तयार होतं का एवढंच बघा. विरघळलेल्या स्वरूपात हवं असेल तर पुढच्या वेळी तापमान उतरवा : १८ अंश, ०.१ ते ०.२ मिलिमोलर आयपीटीजी, रात्रभर. फ्लास्क आधी बर्फ-पाण्यात १५-२० मिनिटं गार करा, मग आयपीटीजी घाला. नुसते बर्फाचे खडे नकोत. खड्यांच्या फटीत हवा राहते आणि फ्लास्क गार व्हायला फार वेळ लागतो.

थंड होणारा शेकर नसेल तर एप्रिलमध्ये १८ अंशांचा हट्ट सोडा. एसीच्या खोलीत, हीटर बंद ठेवलेल्या शेकरवर २३ ते २५ अंशांत पाच-सहा तास ठेवूनही बऱ्याच प्रथिनांचं काम होतं. ज्यांना गडहिंग्लजची किंवा राधानगरीची शेवटची एसटी गाठायची असते त्यांनी रात्रभराचं इंडक्शन असं बसवावं : दुपारी दीडला फ्लास्कमध्ये स्टार्टर, चारच्या सुमारास ओडी ०.६, साडेचारला आयपीटीजी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पेशी गोळा करायच्या.

वीज गेली तर? आयपीटीजी देण्याआधी गेली असेल तर आल्यावर पुन्हा ओडी मोजा आणि पुढे जा. इंडक्शन चालू असताना जास्त वेळ गेली तर वाट बघू नका. पेशी लगेच फिरवून पेलेट गोठवा आणि वहीत किती तास झाले ते लिहा. उणे २० अंशांतलं पेशींचं पेलेट ही सगळ्या कामातली सर्वांत सुरक्षित थांबायची जागा आहे. फोडलेल्या पेशींचं द्रावण मात्र रात्रभर ठेवून घरी जाऊ नका.

शेवटी पुन्हा ओडी मोजा. ०.८ च्या वर वाचन गेलं की दहापट पातळ करून मोजा आणि दहाने गुणा. पातळ न करता वाचलेला "१.९" खरं तर ४ असू शकतो. आता १ मिली काढा, नळी क्रमांक २.

टप्पा ५ : पुढे जाण्याआधी एक जेल

नळी १ आणि २ मधल्या पेलेटमध्ये लोडिंग डाय (जेलवर घालण्याआधी नमुन्यात मिसळायचा रंग) किती घालायचा याचा साधा हिशेब आहे : ओडी गुणिले १०० मायक्रोलिटर. ओडी ०.६ असेल तर ६०, ओडी ३.२ असेल तर ३२०. मग दोन्हींतून सारखेच १० मायक्रोलिटर लोड करा. सगळ्या नळ्यांत सरसकट १०० घातलं तर दुसऱ्या लेनमध्ये पाचपट पेशी जातात, प्रत्येक बँड जाड दिसतो आणि "वाढलं, वाढलं" असा भास होतो.

९५ अंशांवर पाच ते दहा मिनिटं उकळा. मायक्रोपिपेटने ओढताना द्रावण लाळेसारखं तारा धरत असेल तर तो डीएनए आहे. बारीक सुईतून चार-पाच वेळा ओढून सोडा, मगच लोड करा. नाहीतर नमुना खाचेतून उठून शेजारच्या लेनमध्ये जातो.

२० ते ६० किलोडाल्टनच्या प्रथिनाला १२ टक्क्यांचं जेल, त्याहून लहानाला १५ टक्के. जेल घट्ट झालं नाही तर आधी अमोनियम परसल्फेटवर संशय घ्या आणि १० टक्क्यांचं द्रावण ताजं बनवा. अॅक्रिलामाइड न गोठलेल्या स्वरूपात मज्जासंस्थेला घातक असतं. हातमोजे घालायचेच.

तपासा : लेन २ मध्ये अपेक्षित वजनापाशी नवा किंवा स्पष्ट जाड बँड आहे का? नसेल तर इथेच थांबा. क्लोनचा क्रम, रीडिंग फ्रेम, पेशी, आयपीटीजी पुन्हा तपासा. जनुकात एजीए, एजीजी, एयूए, सीयूए असे ई. कोलायला क्वचित लागणारे कोडॉन बरेच असतील तर रोझेटासारख्या, या कोडॉनची सोय असलेल्या पेशी वापरून बघा. कॉलमला हात लावू नका. जे पेशीत नाही ते कॉलममधून येत नाही.

टप्पा ६ : पेशी फोडणं

५० मिलीचं पेलेट ५ मिली गार, फोडण्याच्या बफरमध्ये पूर्ण मिसळा, गुठळी राहू देऊ नका. १ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रथिनं कापणारे एन्झाइम थांबवणारं रसायन) अगदी ऐन वेळी घाला. पाण्यात ते तासाभरातच बरंचसं निकामी होतं, म्हणून कालच्या बफरमधलं पीएमएसएफ धरूच नका. ते विषारी आहे, तोंडाजवळ धरून मोजू नका. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम लायसोझाइम (पेशींची भिंत तोडणारा एन्झाइम), बर्फात अर्धा तास.

मग सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र. नळी बर्फ-पाण्यात, प्रोबचं टोक द्रावणात सेंटिमीटरभर बुडालेलं, तळाला किंवा काचेला न टेकलेलं. १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, चालू वेळ एकूण दोन-तीन मिनिटं. कानांना संरक्षण लावा. आवाज अचानक कर्कश झाला की टोक वर आलंय असं समजा आणि तत्क्षणी बंद करा. तसं चालू ठेवलं की पाच सेकंदांत फेस येतो. फेसात अडकलेलं प्रथिन उलगडतं, ते परत मिळत नाही.

घड्याळापेक्षा नळीकडे बघा. सुरुवातीला द्रावण ताकासारखं पांढरट, अपारदर्शक असतं. पेशी फुटत गेल्या की आधी ते घट्ट, चिकट होतं, आणि मग डीएनए तुटला की पुन्हा पातळ होतं. शेवटी ते भाताच्या निवळीसारखं दिसतं. नळीमागे बोट धरलं तर त्याची कड दिसायला हवी. चिकट अवस्थेतच थांबलात तर पुढे पेलेट बसत नाही आणि कॉलम तुंबतो.

२० मायक्रोलिटर काढा, नळी क्रमांक ३.

टप्पा ७ : विरघळलेलं आणि न विरघळलेलं

१२,००० जी, ३० मिनिटं, ४ अंश. इथली चूक म्हणजे जी (गुरुत्वाच्या किती पट भार) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) एकच समजणं. सूत्र असं : जी = ०.००००१११८ × रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. ८ सेंटिमीटरच्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे जेमतेम ८,९०० जी. १२,००० जीसाठी तिथे ११,६०० च्या आसपास आरपीएम लागतात. नळी तेवढा भार झेलते का तेही बघा.

सुपरनेटंट वेगळं काढा आणि त्यातले २० मायक्रोलिटर नळी ४ मध्ये. पेलेट फेकू नका. तेवढ्याच, म्हणजे ५ मिली बफरमध्ये ढवळून त्यातले २० मायक्रोलिटर नळी ५ मध्ये. आकारमान सारखं ठेवलं तरच दोन्ही लेनची तुलना होते. ३, ४, ५ प्रत्येकात पाचपट डायचे ५ मायक्रोलिटर घाला, उकळा आणि जेलवर ५ मायक्रोलिटरच लोड करा.

टप्पा ८ : कॉलम

बाटलीतले बीड्स साधारण निम्मे द्रावणात असतात. १ मिली घोळ घेतला म्हणजे बीड्स अर्धा मिलीच. बाटली हलवून मगच घ्या. वरचं अल्कोहोल काढा, ५ मिली फोडण्याच्या बफरने धुवा आणि सुपरनेटंटमध्ये घालून ४ अंशांवर पाऊण तास हळू फिरवत ठेवा. मग कॉलममध्ये ओता. खाली आलेलं सगळं जपून ठेवा, त्यातले २० मायक्रोलिटर नळी ६.

१० मिली वॉश, पहिल्या भागातले २० मायक्रोलिटर नळी ७. मग अर्धा-अर्धा मिली इल्यूशन बफर चार वेळा. दर वेळी बफर घालून पाच मिनिटं नळ बंद ठेवा. पहिल्या दोन भागांतले २०-२० मायक्रोलिटर नळी ८ आणि ९. ६ ते ९ मध्येही डाय घालून उकळा. कॉलम कधी कोरडा पडू देऊ नका.

सावधान : इमिडाझोल स्वतः २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. इल्यूशन बफरचाच ब्लँक ठेवा. पाण्याच्या ब्लँकवर आलेला मोठा आकडा म्हणजे तुमचं प्रथिन नव्हे. ब्रॅडफर्डने, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजायच्या पद्धतीने, मोजणं जास्त सोपं.

जेलचा निकाल हातात येईपर्यंत नळी ६ चं मूळ द्रावण, पेलेट आणि बीड्स यांतलं काहीही टाकायचं नाही.

टप्पा ९ : जेल वाचणं

लेन २ मध्ये बँड, ५ मध्येही बँड, ४ कोरी : प्रथिन गुठळ्या होऊन बसलंय. तापमान आणि आयपीटीजी उतरवा. ८ मोलर युरियात विरघळवून पुन्हा घडी घालता येते, पण तो मार्ग लांबचा आहे. आधी दोन-तीन तापमानं करून बघा. युरियाचं द्रावण तापवू नका, तापलेलं युरिया प्रथिनावर रासायनिक बदल करतं.

४ मध्ये बँड, ६ मध्ये तेवढाच बँड, ८ कोरी : चिकटलंच नाही. टॅग नाही, किंवा प्रथिनाच्या आत दडलाय, किंवा बफरमध्ये ईडीटीए, किंवा पीएच उतरलेला. थोडं द्रावण ८ मोलर युरियात घेऊन बीड्सना लावा. तेव्हा चिकटलं तर टॅग आत दडलाय. दुसऱ्या टोकाला टॅग लावून बघा.

६ मध्येही आहे आणि ८ मध्येही : बीड्स कमी पडले. राखून ठेवलेलं द्रावण पुन्हा कॉलमवर घाला. म्हणून तर ते टाकायचं नव्हतं.

७ मध्ये दाट बँड : वॉश कडक झाला, इमिडाझोल कमी करा. ८ मध्ये बँडांची गर्दी : वॉशमधलं इमिडाझोल ४० पर्यंत न्या आणि बीड्स कमी घ्या. रिकाम्या जागा राहिल्या की त्यांवर नको ती प्रथिनं बसतात.

६, ७, ८, ९ कशातच नाही, पण ४ मध्ये होतं : थोडे बीड्स डायमध्ये उकळून लोड करा. प्रथिन त्यांवरच अडकलेलं असू शकतं.

दोन बँड फसवतात. १४ किलोडाल्टनपाशी दिसणारा बँड तुम्हीच घातलेल्या लायसोझाइमचा असू शकतो. २५ च्या आसपासचा बँड ई. कोलायच्या स्वतःच्या एसएलवायडी या प्रथिनाचा असू शकतो. त्यात हिस्टिडिन भरपूर असल्याने ते निकेलला चिकटतं. तुमचं प्रथिन याच वजनाचं असेल तर रिकाम्या प्लाझ्मिडच्या पेशींवर हीच सगळी पद्धत एकदा चालवा. हाच बँड तिथेही आला तर तो तुमचा नाही.

टप्पा १० : इमिडाझोल काढणं आणि साठवण

चांगले भाग एकत्र करून शंभरपट बफरमध्ये ४ अंशांवर डायलिसिस करा (सच्छिद्र पिशवीत ठेवलं की इमिडाझोल बाहेर जातं, प्रथिन आत राहतं), मध्ये एकदा बफर बदला. बफरचा पीएच तुमच्या प्रथिनाच्या आयसोइलेक्ट्रिक बिंदूपासून (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो) निदान एक अंकाने दूर हवा. त्याच बिंदूवर ठेवलं तर सकाळी पिशवीत पांढरे धागे तरंगताना दिसतात. १० टक्के ग्लिसरॉल घालून एका प्रयोगाला पुरेल एवढंच प्रत्येक नळीत वाटा आणि उणे ८० अंशांत ठेवा. एकच मोठी नळी पुन्हापुन्हा वितळवू नका.

वापरलेलं माध्यम आणि पेशी ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्ये जात नाहीत. निकेलची द्रावणं वेगळ्या बाटलीत.

दुसऱ्या दिवशी गोठवलेल्यातली एक नळी बर्फात वितळवा, १२,००० जीवर दहा मिनिटं फिरवा आणि उजेडासमोर धरून तळ बघा. तळाशी पांढरा ठिपका असेल तर ब्रॅडफर्ड पुन्हा करा, आणि बाकीच्या नळ्यांवरचा कालचा आकडा खोडून नवा लिहा.